समाजकार्य की लोकप्रशासन? दोन्ही एकत्र!

आमची एक जुनी विद्यार्थिनी यंदा बी.ए. झाली. परवा अम्मीला घेऊन पनवेलच्या आमच्या घरी आली. "टीचर, मला समाजकार्यात एम.ए. करायचंय," ती म्हणाली. अम्मींचे म्हणणे वेगळे. "टीचर, हिला समजवा. सरकारी कामकाजाचं काही शिकली तर नोकरी तरी लागेल. लोकांची सेवा करून घर चालतं का?"

आम्हाला दोघींचेही पटले.

आपल्याच मोहल्ल्यातील एखादी बेवा बहीण घ्या. संजय गांधी निराधार योजनेसाठी तिला तहसील कार्यालयात अर्ज करायचा आहे. ती घराबाहेर पडायला का कचरते, हे समाजकार्य शिकलेली मुलगी तिच्याजवळ बसून समजून घेईल. पण अर्ज कोणत्या टेबलावर अडला, हे लोकप्रशासन शिकलेलीला कळेल. माहिती अधिकारात साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे, हे तिला ठाऊक असेल. एकीला माणूस कळतो, दुसरीला कार्यालय. दोन्ही कळणारी मुलगी मिळाली तर?

अमेरिकेतील काही विद्यापीठांत या दोन विषयांची जोडपदवी मिळते. आपल्याकडे ती जोडी आपणच जमवायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करण्यास परवानगी दिली. एक नियमित वर्गात बसून, दुसरी दूरशिक्षणाने. किंवा दोन्ही दूरशिक्षणाने. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात दोन्ही विषय आहेत. समाजकार्य वर्गात बसून शिकायचे तर १९३६ साली सुरू झालेली देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पनवेलहून हार्बरची लोकल थेट गोवंडीला जाते. चर्चगेटजवळ १९५५ पासूनचे निर्मला निकेतन आहे.

मात्र घाई नको. संस्था आणि अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यतेचे आहेत का, ते आधी पाहावे. दुसऱ्या पदवीस हरकत नाही ना, हे दोन्हीकडे विचारावे. परीक्षांच्या तारखा एकावर एक येऊ शकतात. समाजकार्यात क्षेत्रकार्य सक्तीचे असते; वस्त्यांत, संस्थांत जावेच लागते. फीही दोनदा भरावी लागते. हे जड वाटले तर आधी एक, मग दुसरी. त्यात कमीपणा नाही.

अम्मींची खरी काळजी शेवटी बाहेर आली. "निकाहाची बोलणी चालू आहेत, टीचर. दोन वर्षं कोण थांबेल?"

आम्ही म्हटले, "बोलणी चालूच आहेत, तर त्यात शिक्षणाचीही गोष्ट घाला. आजच स्पष्ट बोललेले बरे."

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. निघताना अम्मी म्हणाल्या, "हिच्या अब्बांशी तुम्हीच बोला."

येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.