दीपगृह, आकाशदीप आणि अर्थशास्त्राचा तास

अर्थशास्त्र शिकवण्याची रीत बदलायला हवी, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. 2000 साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी वास्तवापासून तुटलेल्या गणिताविरुद्ध पत्रक काढले, 2008 च्या मंदीनंतर मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी तोच सूर लावला, ‘कोअर’ हे मोफत पाठ्यपुस्तक आले. आपल्याकडे समित्या बसल्या, सत्रपद्धत आली, श्रेयांक आले. त्या इतिहासावर दिवाळी अंकाची पाने खर्चण्यात हशील नाही. उरलेल्या वादात दोन तट आहेत. एकाला गणित वाढवायचे आहे, दुसऱ्याला कौटिल्यावर एक पेपर जोडला की विषय देशी झाला असे वाटते. विद्यार्थ्याला बाकावरून उठू द्यायचे नाही, याबाबत मात्र दोघांचे एकमत आहे. माझा हेका जुनाच आहे: पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याने एखादा बाजार, एखादी वस्ती, एखादा घाट स्वतः मोजावा, आणि सिद्धान्ताने त्या मोजणीला उत्तर द्यावे.

सार्वजनिक वस्तू, म्हणजे जिच्या लाभातून कुणाला वगळता येत नाही अशी वस्तू, म्हटले की आपल्या उत्तरपत्रिकांत दीपगृह उगवते. समुद्र न पाहिलेला विद्यार्थीही तेच लिहितो. आता काशीचा पंचगंगा घाट घ्या. कार्तिकात इथे उंच बांबूंच्या टोकांशी दोरीने वेताच्या करंड्या चढवतात आणि त्यांत पितरांच्या नावाने दिवा तेवतो. घाटावर दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ आहे, तो अहिल्याबाईंच्या नावे सांगतात. वर बिंदुमाधवाचे मंदिर आहे, त्याला औंधच्या पंतप्रतिनिधींचा आश्रय होता. म्हणजे मराठी वाचकाला हे परके ठिकाण नव्हे. दिवा लावणाऱ्याला पुण्य मिळते, ते त्याचे एकट्याचे; उजेड मात्र नदीवरच्या सगळ्यांचा. पैसे न देता लाभ घेणाऱ्या फुकट्यांचा प्रश्न इथे का अडत नाही, याचे उत्तर त्या करंडीत आहे: खाजगी लाभ आणि सार्वजनिक लाभ एकाच वातीवर जळतात. पुढचे प्रश्न आणखी रंजक आहेत. 1980 च्या दशकात याच घाटावरून आजच्या रूपातली देवदीपावली पसरली असे मानतात. आता तिला सरकारी पाठबळ आहे, पर्यटक आहेत. सरकारचा पैसा आला की तेलासाठी देणारा हात आखडतो की सैल होतो? त्या रात्री नावेचे भाडे चढते, ते नावेच्या मालकाला किती आणि वल्हे मारणाऱ्याला किती? कोणत्या घाटावर कुणी नाव लावायची, हे नावाड्यांच्या निषाद कुटुंबांत परंपरेने ठरत आले. हा मालमत्ता हक्क कागदावर नसताना टिकतो कसा? आणि 1986 च्या गंगा कृती योजनेपासून आजवर एवढा पैसा ओतूनही सांडपाण्याचा भार कुणी उचलायचा हे का सुटत नाही? सूक्ष्म अर्थशास्त्राचे अर्धे पुस्तक या पायऱ्यांवर मांडलेले आहे.

असे मोजून शिकणे हे काही नवे खूळ नाही. रानड्यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्रजी सिद्धान्त जसेच्या तसे इथे लावू नका असे बजावले. त्याला हाडामांसाचा पुरावा पुढच्या पिढीने दिला. हॅरल्ड मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर मोजले. 1917 साली छापलेल्या त्या पाहणीत 156 खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे निघाले. तुकडेबंदीवरची पुढची सारी चर्चा या एका गावाची ऋणी आहे. 1930 मध्ये रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून गोखले संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचीच पाहणी करवली. त्या पाहणीचा पहिला खंड 1945 मध्ये निघाला. दांडेकर-रथ यांचे 1971 चे दारिद्र्यावरचे पुस्तक याच मातीत उगवले. या परंपरेचे पदवीच्या वर्गात आज काय उरले? झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा ‘प्रकल्प’, मुखपृष्ठावरचे नाव तेवढे बदललेले.

आक्षेप ठाऊक आहेत. एक घाट म्हणजे अपवाद, त्यावर शास्त्र कसे उभे राहील? पण एकेक उदाहरण तपासूनच सिद्धान्त सुधारतो: अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1974 मध्ये इंग्लंडच्या दीपगृहांची जुनी दफ्तरे चाळली आणि त्यांचा खर्च बंदरात जहाजांकडून वसूल होई, हे दाखवले. पाठ्यपुस्तकाचे लाडके उदाहरण डळमळले. पुढे इतरांनी त्या वसुलीमागची राजसत्ता दाखवून कोसनाही अडवले. शास्त्र असेच पुढे सरकते. दुसरा आक्षेप गणिताचा. नमुना कसा निवडावा, सरासरी कुठे फसवते, हे प्रश्न पाहणीतूनच बोचायला लागतात. मग संख्याशास्त्राचा तास शिक्षा वाटत नाही. तिसरा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक: वर्गात शंभरावर मुले, प्राध्यापक मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेले. पण मॅन हे मुळात शेतीचे रसायनज्ञ, कृषी महाविद्यालयाचा कारभार सांभाळून त्यांनी गाव मोजले. आणि शंभर मुले ही अडचण का मानावी? दहा-दहांच्या दहा तुकड्या केल्या तर एका हंगामात अख्खी पेठ मोजून होते. खरी अडचण गुणांची आहे. अंतर्गत गुण खैरातीसारखे वाटले जातात, म्हणून प्रकल्प विकत मिळतो. वीस गुणांची तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने त्याच वस्तीत उभे राहून घ्यावी. अभ्यास मंडळाच्या एका ठरावाने हे होण्याजोगे आहे, त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहायला नको.