कानापुढचा टेकू

कानाच्या भोकाला लागूनच पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी सरकते ना? तोच जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो आणि टेबलाच्या खणासारखा पुढेही सरकतो. दोन हाडांमध्ये एक चिवट, पातळ चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येऊ शकतो.

माझी या सांध्याशी ओळख उशिरा झाली. भिवंडीच्या महाविद्यालयात शिकवताना तिसऱ्या तासाला माझा उजवा कान ठणकू लागे. कानाच्या डॉक्टरांना कानात दोष आढळला नाही. मग दाढेवर संशय आला. दाढ गेली, दुखणे राहिले. दोन वर्षांनी मुंबईच्या एका दंत रुग्णालयात रांगेत बसलो, तेव्हा शेजारी भिवंडीचाच एक यंत्रमाग कामगार भेटला. त्याच्या कानदुखीचे खापर मागांच्या खडखडाटावर फोडले गेले होते. पलीकडच्या बाईंचा जबडा जेवताना अडकत असे. घरचे म्हणत, "तुझं काहीतरी नेहमीचंच!"

असे का होते? हा सांधा कान आणि दात यांच्या सीमेवर आहे. 1934 साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कानतज्ज्ञाने कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला. त्याची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण सांध्याकडे लक्ष वेधले गेले. तरीही 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या अहवालाला हेच सांगावे लागले, की वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्या फटीत हे रुग्ण हरवतात.

आता थोडे भौतिकशास्त्र. खालचा जबडा ही चिमट्यासारखी तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. सांधा हा टेकू, स्नायू लावतात ते बल आणि दातांखालचा घास हा भार. समजा, स्नायूंचे बल टेकूपासून 4 सेंमीवर, दाढ 6 सेंमीवर आणि पुढचे दात 10 सेंमीवर आहेत. दाढेखाली 100 न्यूटन बल हवे असेल, तर स्नायूंना 150 न्यूटन लावावे लागतील. उरलेले 50 न्यूटन दोन्ही बाजूंचे सांधे मिळून सोसतात. तोच घास पुढच्या दातांनी तोडायचा तर स्नायूंना 250 न्यूटन लावावे लागतील आणि सांध्यांवर 150 न्यूटन येतील. म्हणजे तिप्पट! दुखऱ्या सांध्याने ऊस का सोलू नये, हे गणितच सांगते.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला तोंड उघडायला लावून कानापुढे बोट ठेवले. दोन वर्षांत हे कुणी केलेच नव्हते! उपचारही साधेच निघाले : मऊ अन्न, गरम शेक, शिकवलेले व्यायाम आणि एक सवय – ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. बहुतेक रुग्णांना अशा उपायांनी आराम पडतो. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. माझे दुखणे पुष्कळ कमी झाले. गेलेली दाढ मात्र परत येत नाही.

नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. दुखणे रेंगाळले किंवा जबडा अडकला, तर दंतवैद्यांना दाखवा. सुपारी वा गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तर तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. तेथे विलंब नको.

आणि घरात कुणी "कानापुढे दुखतंय" म्हणाले, तर आधी विश्वास ठेवा. मग तेथे बोट ठेवून पाहा.