झटका मोजून घ्यावा

आमच्या अतिदक्षता विभागात रोज सकाळी सिस्टर डिफिब्रिलेटर चार्ज करतात आणि तो झटका चाचणीसाठीच्या ५० ओहमच्या रोधात सोडतात. नव्या इंटर्नना हा निव्वळ सोपस्कार वाटतो. एकेकाळी मलाही वाटायचा.

मग एका रात्री पन्नाशीतल्या रुग्णाचे हृदय ठोके सोडून नुसते थरथरू लागले. मशीन चार्जच होईना. शेजारच्या वॉर्डातून दुसरे येईपर्यंत आम्ही आळीपाळीने छाती दाबत राहिलो. रुग्ण वाचला. नंतर वही उघडली, तर आठवडाभर चाचणीची नोंदच नव्हती.

या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे कपॅसिटर, विजेची टाकीच म्हणा. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २००० व्होल्टपर्यंत भरला की त्यात २०० ज्यूल ऊर्जा साठते. टाकी रिकामी होताना नळाची धार मंदावत जाते, तसेच झटका देताना व्होल्टेज आधी झपाट्याने आणि मग हळूहळू उतरते. ते ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागेल, हे कपॅसिटन्स आणि रोध यांचा गुणाकार सांगतो. छातीचा रोध ५० ओहम असेल तर ५ मिलिसेकंद, १०० असेल तर १०. म्हणून आजची यंत्रे छातीचा रोध मोजून झटका जुळवून घेतात. जेल नीट लावा, पॅडल घट्ट दाबा, असे आम्ही बजावतो तेही रोध कमी राहावा म्हणूनच.

नुसता कपॅसिटर सोडला तर प्रवाह क्षणात टोकाला जातो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाउन यांनी १९६२च्या सुमारास वापरात आणलेल्या यंत्रात कपॅसिटरसोबत इंडक्टर, म्हणजे तारेचे वेटोळे जोडलेले होते. वेटोळे प्रवाहातील अचानक बदलाला विरोध करते, त्यामुळे झटक्याचे टोक बोथट होते.

पडद्यावर ‘२०० ज्यूल’ दिसले म्हणजे तेवढे बाहेर पडतीलच असे नाही. ते चाचणीतच कळते.

तुमच्या सोसायटीत, जिममध्ये किंवा कार्यालयात स्वयंचलित डिफिब्रिलेटर, म्हणजे एईडी असेल, तर त्याचा बॅटरीचा दिवा आणि पॅडची मुदत आजच पाहा. कोणी कोसळले, हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन करा, लगेच छाती दाबायला लागा आणि एईडी मागवा. झटक्याविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवते.