पानवेलीची बहीण

मुलांनो, आज आपण फिजीला जाऊ. जमिनीवर बसूनच, पण शिडाच्या होडीतून. पॅसिफिक महासागरात तीनशेहून जास्त बेटांचा हा देश. त्यातल्या कांदावू नावाच्या बेटाकडे आपण निघालोय.

तुमच्यातल्या एकाला मी डोलकाठीवर चढवणार. का? बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, पाण्याखाली दडलेली. ती दिसावी म्हणून सूर्य पाठीशी असतानाच आत शिरायचं. गडद निळं पाणी म्हणजे खोल. हिरवट म्हणजे उथळ, खाली वाळू. आणि तपकिरी दिसलं की जोरात ओरडायचं, कारण तिथे प्रवाळ होडीचा तळ फाडायला टपलेला असतो! या भिंतीला वाट कुठे सापडते, सांगा बघू? बऱ्याचदा नदीच्या मुखासमोर. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ सोसत नाही, म्हणून तिथे भिंत वाढतच नाही.

आत आलो, नांगर टाकला. थांबा, उड्या मारू नका! हे पाणी गावाचं आहे. आधी टोप्या काढायच्या, डोक्यावर काही ठेवायचं नाही, आणि गावच्या प्रमुखाकडे जायचं. हातात काय न्यायचं? मिठाई नाही, हार नाही. वाळलेल्या मुळ्यांची जुडी. या मुळ्यांना म्हणतात यांगोना, आणि त्या देऊन गावात येण्याची परवानगी मागण्याच्या रीतीला सेवूसेवू.

जुडी स्वीकारली की आपण गावचे पाहुणे. मुळ्या कुटतात, लाकडी परातीत पाण्यात कालवतात, फडक्यानं गाळतात. दिसायला पावसाळी ओढ्याचं गढूळ पाणी! नारळाच्या अर्ध्या करवंटीतून मोठ्यांना देतात. एक टाळी वाजवायची, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. तुम्हाला नाही हं मिळणार, ते मोठ्यांचं पेय. त्यात दारू नसते, पण थोड्याच वेळात जीभ आणि ओठ बधिर होतात. मुळांतल्या कावालॅक्टोन नावाच्या द्रव्यांचं हे काम.

आता खरी गंमत. हे झुडूप कोणाचं नातेवाईक, ठाऊक आहे? आपल्या पानवेलीचं! आजी सुपारी घालून विडा लावते ते पान, भातावरच्या पापडातली मिरी आणि फिजीची यांगोना, तिन्ही एकाच पायपर कुळीतल्या. आपण पाहुण्यापुढे पानाचं तबक ठेवतो, तिथे पाहुणाच मुळी घेऊन येतो. सख्ख्या बहिणी आणि दोन्हीकडे पाहुणचारालाच बसलेल्या! मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

पण यांगोनाची एक अडचण आहे. तिला फुलं येतात, पण बी धरत नाही. माणसानं हातानं पराग लावून पाहिले, तरी फळाआधीच फूल गळून पडतं. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, तिच्यात दहा! बीच नाही, म्हणजे वाऱ्यानं नाही, पाखरानं नाही, लाटेनंही नाही, ही वनस्पती स्वतः कुठेच जाऊ शकत नाही. मग इतक्या बेटांवर पोचली कशी?

उसाचं बेणं पाहिलंय ना? पेरावर डोळा असतो, तो मातीत रुजतो. यांगोनाचंही तसंच. व्हानुआतू नावाच्या बेटांच्या बाजूला माणसानं रानटी झुडपांतून ती निवडली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तिथून पुढे कोणीतरी खोडाचे तुकडे ओले ठेवून होडीत घातले, खाऱ्या पाण्यापासून जपले, नव्या बेटावर उतरताच लावले. मुळं काढण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं थांबले. आज जिथे जिथे यांगोना उगवते, तिथे तिथे ती कुणाच्या तरी हातानंच पोचलेली आहे.

उद्या आजीच्या डब्यातलं एक पान मागून घ्या आणि उलटून बघा. आकार बदामासारखा, शिरा देठापासूनच पंख्यासारख्या फुटलेल्या. यांगोनाचं पानही असंच दिसतं.