कर्ज त्यांचं, अट कोणाची?

आज इथे नायगावात आपल्यापैकी बरेच जण लोकलनेच आले असतील. बोरिवलीच्या पुढे विरारपर्यंत पूर्वी दोनच मार्ग होते, आता चार आहेत. हे जादा मार्ग मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात, म्हणजे एमयूटीपीत, झाले. त्या प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ साली ५४ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. गाडी पकडताना त्या कर्जाची आठवण कोण काढतो? पण कर्जाबरोबर अटीही आल्या होत्या, आणि आपल्याला आज बोलायचं आहे ते त्या अटींबद्दल.

अट तर सावकारही घालतो. दागिना ठेव, अमुक तारखेला व्याज दे. त्याला त्याचे पैसे परत हवे असतात. तुम्ही घर कसं चालवता, हा त्याचा विषय नसतो. विकासकर्जाची अट त्यापुढे जाते. ती म्हणते, कायदा असा करा, दर असे ठरवा, विस्थापितांना असं वागवा. ती थेट घरात शिरते.

मग प्रश्न येतो तो संमतीचा. गरजवंताला अक्कल नसते असं आपण म्हणतो. १९९१ साली देशाला सोनं गहाण टाकावं लागलं, तेव्हा झालेल्या सह्या कितपत मोकळ्या मनाच्या होत्या? आम्ही वर्गात कांट शिकवत असू. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जो नियम आपण स्वतः स्वतःला घालून घेतो तो पाळण्यात स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याने लादलेला नियम चांगला असला तरी ती ताबेदारीच. म्हणजे बाहेरची प्रत्येक अट वाईट, असं म्हणून मोकळं व्हावं का? इथे घाई नको. कारण 'स्वतः' म्हणजे कोण? सरकार की माणसं?

सरदार सरोवराचं उदाहरण घ्या. १९८५ साली जागतिक बँकेने त्याला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरणाची भिंत गुजरातेत, पण बुडणाऱ्यांत आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आदिवासी गावंही होती. पुनर्वसनाच्या अटी करारात होत्या. त्या पाळल्या जात नाहीत म्हणून लोक लढले. बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, आणि १९९२ साली त्या समितीने लोकांची बाजू बरीचशी खरी ठरवली. बँकेने मुदत घालून दिली. मुदत संपत आली तेव्हा, मार्च १९९३मध्ये, भारत सरकारने उरलेलं कर्ज नाकारलं. वरवर पाहता हा स्वाभिमान. पण मणिबेलीच्या माणसाच्या बाजूने पाहा. पैसे थांबले, धरण थांबलं नाही. त्याच्यासाठी विचारणा करणारं एक दार मात्र बंद झालं.

त्या लढ्याचा परिणाम बँकेवरही झाला. त्याच वर्षी तिने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँक स्वतःचे नियम पाळत नसेल तर बाधित लोकांनी तिथे तक्रार करायची. अट घालणाराही अटीत सापडला.

आता परत एमयूटीपीकडे येऊ. रुळांलगतच्या झोपड्यांना तोवर एकच शब्द होता, अतिक्रमण. बँकेशी बोलणी सुरू असताना राज्य सरकारने १९९७ साली या प्रकल्पासाठी पुनर्वसनाचं धोरण स्वीकारलं. जमिनीचा कागद नसला तरी पाहणीत नोंदलेल्या कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर. कर्जाचा रेटा नसता तर हे झालं असतं का, ज्याने त्याने विचार करावा. पण घर मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. २००४ साली कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि इतर बाधितांनी त्याच तपासणी मंडळाकडे धाव घेतली. धंदा बुडाला, नव्या वसाहतींत सोयी नाहीत, आमचं कोणी ऐकत नाही, अशा तक्रारी होत्या. मंडळाने बँकेच्याही चुका दाखवल्या. मार्च २००६मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे रोखले, आणि सुधारणेची आश्वासनं मिळाल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केले. नर्मदाकाठच्या लोकांच्या लढ्यातून निघालेलं हत्यार कुर्ल्यातल्या माणसाच्या कामी आलं!

म्हणजे अट उपयोगी पडते. पण ती टिकते का? २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी बँकेने जलक्षेत्र सुधारणेसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले. प्राधिकरण त्या सुधारणेचाच भाग होतं. शेतीला किती पाणी, उद्योगाला किती, हे प्राधिकरणाने ठरवायचं होतं. प्रत्यक्षात उच्चाधिकार समितीच ते ठरवत राहिली. त्यावर प्रश्न उठू लागले, तेव्हा २०११ साली दुरुस्ती करून तो अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला गेला आणि मागचे निर्णयही वैध ठरवले गेले. कायदा राहिला, त्यातला जीव गेला. शेतकऱ्याला तो कधी आपला वाटलाच नव्हता. मग त्याच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार?

याच्या शेजारी रोजगार हमी ठेवा. १९७२च्या दुष्काळातल्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. कोणत्या बँकेची अट नव्हती. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आमच्याही पगारातून तो दरमहा कापला जाई, आणि खरं सांगायचं तर आम्ही कुरकुरायचो. पण ती आपणच आपल्याला घातलेली अट होती. योजनेत दोष होते, तरी मजुरांनी हक्काने काम मागितलं, मोर्चे काढले. २००५ साली देशाने तसाच कायदा केला.

तेव्हा अट बाहेरून आली की घरातून, एवढ्यावर तिची किंमत ठरत नाही. ती आली तेव्हा ज्यांच्यासाठी आली त्यांना विचारलं होतं का, आणि कर्ज देणारा निघून गेल्यावर ती मागून घेण्याचा अधिकार त्यांच्या हातात राहतो का, हे पाहायचं. विरारच्या पुढे डहाणूपर्यंतच्या चौपदरीकरणाला आता आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचं कर्ज आहे. आपल्या भागात असं काही आलं तर करार मागा, पुनर्वसनाचा आराखडा मागा, तो मराठीत मागा. कर्ज फेडणार आपण आहोत. अटही आपल्याला वाचता यायला हवी.