परत आलेली गाठ आणि औषधांची पारख

धारणीच्या बाजारात कुणाच्या मानेवर गाठ दिसली की लोक म्हणतात, 'क्षयाची असेल.' पुष्कळदा ती तशी असतेही. पण न दुखणारी, वाढत जाणारी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचीही असू शकते. गाठीचा तुकडा काढून तपासल्याखेरीज फरक कळत नाही.

या रोगावर बहुधा अनेक औषधे मिळून देतात. पऱ्हाटीच्या वावरात डवरा फिरवला तरी झाडाजवळचे तण राहतेच. ते निंदूनच काढावे लागते. तसेच येथेही. एका औषधाला न जुमानणारी पेशी दुसऱ्याला बळी पडते. अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन हे त्यांपैकीच एक. मात्र म्हणून कोणी सदाफुलीचा पाला खाऊ नये. तो विषारी असतो.

इतके करूनही काहींची गाठ हराळीसारखी परत येते. मग काय द्यावे? हे अंदाजाने ठरवून भागत नाही. वैद्याने आपल्या मनाने निवड केली, तर धट्टेकट्टे रोगी एका बाजूला आणि अशक्त दुसऱ्या बाजूला जायचे. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात.

१९९५ साली अशाच एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. रोग उलटलेल्या, पण औषधांना दाद दिलेल्या १०९ रोग्यांपैकी काहींना तीच औषधे पुढे चालू ठेवली. बाकीच्यांना जबर मात्रा देऊन त्यांचीच साठवलेली अस्थिमज्जा परत दिली. पाच वर्षांनी पहिल्या गटात शेकडा १२, तर दुसऱ्यात शेकडा ४६ जणांचा रोग परतला नव्हता. पुढे २०१० साली ३९६ रोग्यांवर औषधांचे दोन संच ताडून पाहिले. दोन्हींनी शेकडा सुमारे ६३ जणांच्या गाठी ओसरल्या. कोणताच संच सरस ठरला नाही, हेही कळणे मोलाचेच!

अशी चाचणी आपल्या देशात व्हायची तर रोग्याची लेखी संमती लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे सगळी माहिती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. कोरकू बोलणाऱ्याला कोरकूत सांगा म्हणण्याचा हक्क आहे. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. कधीही माघार घेता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

गुरुजी, गावातला कोणी असा कागद घेऊन आपल्याकडे आला, तर अंगठा उठण्यापूर्वी तो त्याला सावकाश वाचून दाखवा. आणि गाठ परत आली म्हणून कोणी घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.