डिस्क ठेवावी की फाइल? चित्रपट-संग्रहाचा हिशेब आणि छोट्या दुकानदारापुढचा मार्ग

व्हिडिओ लायब्ररी, कॅसेटचे दुकान, टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती आणि लग्नाचे चित्रीकरण या चार धंद्यांवर एकेकाळी आपल्या समाजातील अनेक तरुणांची घरे चालत होती. भांडवल थोडे लागे, हातात कसब असले की पुरे. आज यांपैकी पहिले दोन धंदे जवळपास संपले आहेत. तिसऱ्याचे स्वरूप बदलले आहे आणि चौथ्यात ग्राहक नवा प्रश्न घेऊन येतो. 'डीव्हीडी देता की पेनड्राइव्ह?' घरी चित्रपटांचा संग्रह असणाराही हेच विचारतो की, कपाटभर डिस्क ठेवाव्यात की सगळे संगणकावर उतरवावे, की फक्त इंटरनेटवर विसंबावे? चित्रपट पाहावा की नाही, हा या पानाचा विषय नव्हे. ज्यांचा पैसा आणि रोजगार यात गुंतला आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडत आहोत.

धंद्याचा चढउतार

मुंबईची शेमारू ही कंपनी १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ मध्ये तिने व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्यास आरंभ केला. पुढे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि गावोगावी लायब्रऱ्या निघाल्या. व्हीसीआर आणि चार कॅसेट रात्रभर भाड्याने आणून सगळी गल्ली एका घरात बसत असे. नंतर व्हीसीडी आली, मग डीव्हीडी.

२००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. चोरट्या नकलेच्या भावात अस्सल माल मिळू लागल्यावर भाड्याने डिस्क नेण्याची गरजच उरली नाही. लायब्ररीवाल्याला हा पहिला धक्का होता. दुसरा धक्का मोबाइलचा. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. ज्या मोझर बेअरने डिस्क स्वस्त केली, तीच कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. खुद्द नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवण्याची आपली मूळ सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

तेव्हा नवा माल भरून डिस्कचे दुकान थाटण्याचे दिवस गेले, याबद्दल दुमत नसावे. पण याचा अर्थ डिस्क निरुपयोगी झाली असा होत नाही. धंदा संपणे वेगळे आणि वस्तूची किंमत संपणे वेगळे.

विकत घेतले, पण मालकी कोणाची?

डिस्क विकत घेतली की ती वस्तू आपली. कंपनी बुडाली, इंटरनेट तुटले, तरी ती कपाटातच राहते. इंटरनेटवरील दुकानातून 'विकत घेतलेला' चित्रपट मात्र तसा नसतो. तेथे आपण पाहण्याचा परवाना घेतो, चित्रपट नव्हे. दुकानदाराचा निर्मात्याशी असलेला करार संपला की तो चित्रपट आपल्या यादीतून जाऊ शकतो.

हे नुसते भय नव्हे. अमेरिकेत मोठ्या चित्रपट कंपन्यांच्या पाठिंब्याने चालणारी अल्ट्राव्हायोलेट ही डिजिटल संग्रहाची सेवा ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली आणि ग्राहकांना आपले चित्रपट दुसऱ्या सेवांकडे हलवावे लागले. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातील प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवण्यात आले की, स्टुडिओ कॅनाल कंपनीचे त्यांनी पैसे भरून घेतलेले चित्रपट ३१ ऑगस्टपासून दिसणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये चित्रपटांची नवी विक्री थांबवली. जुन्या ग्राहकांचे चित्रपट राहिले, पण दुकान बंद झाले. अशा तक्रारींमुळे कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे डिजिटल माल विकताना 'हा परवाना आहे' असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे तर एकीकडे खरेदीखत आहे आणि दुसरीकडे भाडेपट्टा. भाडेपट्टा वाईट नसतो, पण तो खरेदीखताच्या भावाने घेऊ नये.

डिस्कलाही मरण आहे

डिस्कची बाजू घेणारे एक गोष्ट विसरतात. डिस्क आहे, पण ती वाजवणारे यंत्र कोठे आहे? जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि कॅसेटचे युग यंत्रासह संपले. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणे सोडले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा कप्पा क्वचितच असतो.

शिवाय सगळ्या डिस्क सारख्या नसतात. कंपनीच्या छापील डिस्कमध्ये माहिती प्लॅस्टिकमध्येच ठशासारखी उठवलेली असते. ती नीट ठेवल्यास दीर्घकाळ टिकते. आपण दुकानात 'राइट' करतो त्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा होतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा थर विरतो. सोलापूरचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली लग्नाची डीव्हीडी काही वर्षांत अडकू लागली, तर नवल वाटू नये.

साठवणीचा हिशेबही पाहावा. व्हीसीडीवर सुमारे ७४ ते ८० मिनिटांचे चित्रण मावते, म्हणून हिंदी चित्रपटाला दोन-तीन डिस्क लागत. डीव्हीडीत ४.७ किंवा ८.५ गिगाबाइट आणि ब्लू-रेमध्ये २५ किंवा ५० गिगाबाइट मावतात. चित्र जितके मोठे आणि स्वच्छ, तितकी जागा जास्त. एका चित्रपटाला सरासरी ७ गिगाबाइट धरले, तर २ टेराबाइटच्या एका हार्डडिस्कवर डीव्हीडीच्या दर्जाचे सुमारे २८५ चित्रपट राहतात. कपाट रिकामे होते. पण ती एक हार्डडिस्क हातातून पडली, तर २८५ चित्रपट एकदम जातात. कपाटातील एक डिस्क खराब झाली, तर एकच जातो. पेनड्राइव्ह तर ने-आण करण्याची वस्तू आहे. वर्षानुवर्षे न लावता पडून राहिला तर त्यातील माहिती कमजोर होते.

एकाच जागी सगळे ठेवण्याचा धोका मोठ्या संस्थांनाही चुकलेला नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या काळापासूनचा अनमोल ठेवा भस्मसात झाला.

जकार्डचे उदाहरण

सोलापूरच्या चादरीच्या कारागिराला ही गोष्ट वेगळी समजावण्याची गरज नाही. जकार्डवर नक्षी असते ती भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेत. कार्डे ही वस्तू आहे. ती फाटतात, ओलसर होतात, पण हातात असतात. इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये तीच नक्षी फाइल होऊन येते. फाइल बदलायला सोपी, जागा न अडवणारी. पण फाइल उडाली की नक्षी गेली, म्हणून जाणता कारखानदार तिच्या दोन प्रती ठेवतो आणि जुनी कार्डेही लगेच भंगारात देत नाही. चित्रपटाच्या संग्रहाला हाच नियम लावावा.

कायदा आणि हलाल कमाई

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. 'हजार चित्रपट भरलेली हार्डडिस्क' किंवा 'मेमरी कार्डात पन्नास पिक्चर' असा धंदा अजूनही चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाची प्रत काढण्याचा, विकण्याचा व धंद्यासाठी भाड्याने देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा आहे. त्याच्या परवानगीविना हे जाणूनबुजून केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २००९ पासून व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांच्या यादीत बसवून स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे. पोराबाळांच्या धंद्यासाठी एवढा धोका पत्करण्यासारखा तो नफा नाही.

दुसरी बाजू दीनाची. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनात ठराव झाला की, ग्रंथकर्तृत्व, शोध आणि व्यापारचिन्ह यांचे हक्क शरीयतने मान्य केलेले आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. 'कंपनी मोठी आहे, तिचे काय बिघडते?' हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. तागा मोठ्या गिरणीचा असला, तरी चोरी ती चोरीच.

याउलट उदाहरण मालेगावचे घ्यावे. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासीर शेख यांनी गावातील कामगारांना घेऊन २००० मध्ये 'मालेगाव के शोले' बनवला. भांडवल तुटपुंजे, पण पडद्यावरची माणसे गावची. पुढे त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन' या चित्रपटाच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी माहितीपट काढला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट देशभर लागला. दुसऱ्याच्या चित्रपटावर चालणाऱ्या धंद्याला मर्यादा असते. स्वतःच्या हातचे काम पुढे कोठवर जाईल, ते सांगता येत नाही.

दुकानदाराने काय करावे?

आज या क्षेत्रात मान्य आणि चालणारे काम म्हणजे घरगुती चित्रण वाचवण्याचे. लग्न, अकीका, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा निरोप, शाळेचे स्नेहसंमेलन, हे कोणत्याही कंपनीच्या संग्रहात नाही. ते फक्त घरातील कॅसेटमध्ये आहे, आणि कॅसेट व यंत्र दोन्ही जुनी होत चालली आहेत. ज्याच्याकडे चालू स्थितीतील व्हीसीआर आहे आणि त्याचे हेड साफ करण्याचे कसब आहे, त्याच्या हाताला आजही किंमत आहे. काही सूचना अशा :

१) कॅसेट जितक्या वेळाची, उतरवायला तितकाच वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. एका यंत्रावर दहा तासांच्या दिवसात तीनच कॅसेट होतात. दर ठरवताना हा वेळ, वीज आणि यंत्राची झीज धरावी. शेजारच्याचा भाव पाहून ठरवू नये.

२) डीव्हीडीच्या चांगल्या दर्जात दोन तासांना एक ४.७ गिगाबाइटची डिस्क लागते, म्हणजे अशा कॅसेटला सुमारे ७ गिगाबाइट. काही टीव्हीवर चालणाऱ्या फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तेव्हा फाइलचे भाग करून द्यावेत.

३) ग्राहकाला एकच प्रत देऊ नये. एक हार्डडिस्कवर, दुसरी चांगल्या डिस्कवर, आणि जमल्यास तिसरी नातेवाइकाच्या घरी. वर्षातून एकदा लावून पाहण्यास सांगावे. मूळ कॅसेट फेकू देऊ नये.

४) पावतीवर काम, तारीख आणि दुकानात प्रत किती दिवस राहील ते लिहावे.

५) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम अमानत आहे. लग्नाच्या चित्रणात घरातील स्त्रिया असतात, अनेकदा फक्त जनान्यातील समारंभ असतो. ते नमुना म्हणून मोबाइलवर दाखवणे, इंटरनेटवर चढवणे किंवा कामगाराने घरी नेणे म्हणजे विश्वासघात. मुदत संपल्यावर ग्राहकासमोर आपली प्रत पुसून टाकावी. ज्या दुकानाची ही ख्याती होईल, त्याला जाहिरातीची गरज पडणार नाही.

घरच्या ग्राहकासाठी

एकदाच पाहायचे ते इंटरनेटवर भाड्याने पाहावे, विकत घेऊ नये. वारंवार पाहण्याजोगे आणि इंटरनेटवर न सापडणारे जुने चित्रपट अस्सल डिस्कवर ठेवावेत, पण चालू प्लेअर सांभाळावा. घरगुती चित्रण मात्र दोन्ही रूपांत असावे. जुना डिस्कचा माल उरलेल्या दुकानदारांनी बिलाचा अस्सल माल वेगळा काढून शौकिनांना मिळेल त्या भावात द्यावा. नकली माल असेल तर तो तोडून टाकावा, विकू नये.

यंत्रे बदलत राहतील. आजची हार्डडिस्कही उद्या व्हीसीआरच्या रांगेत बसेल. तेव्हाही ग्राहक आपल्या वडिलांचा आवाज, आपल्या लग्नाचा दिवस घेऊन कोणाच्या तरी दुकानाची पायरी चढेल. तो विश्वासाच्या माणसाकडेच जाईल.